वाद्य जुने झाले म्हणजे टाकाऊ झाले काय?

आपल्या शाळेच्या संगीताच्या खोलीत दोन तंबोरे आणि तीन पेट्या आहेत. एका तंबोऱ्याची तार तुटलेली आहे, दुसरा गेली काही वर्षे गवसणीतून बाहेर आलेला नाही. तीन पेट्यांपैकी एकीचा भाता फाटला आहे आणि दुसरीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. गेल्या सत्राच्या अखेरीस झालेल्या पालकसभेत एका पालकांनी सूचना केली की ही अडगळ काढून टाकावी आणि त्या जागी चार-पाच चांगले कीबोर्ड घ्यावेत. कीबोर्डमध्ये तंबोरा आहे, तबला आहे, बासरी आहे, व्हायोलिन आहे. शिवाय जुळवाजुळवीची कटकट नाही. सूचना सद्भावनेने केलेली होती आणि सभेत तिला बऱ्यापैकी पाठिंबाही मिळाला. आता हा विषय विश्वस्त मंडळासमोर आहे. निर्णय होण्यापूर्वी आमचे मत मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

तंबोऱ्याची बाजू शास्त्रीय गाणारे घेणारच, त्यात नवल नाही. म्हणून आम्ही साक्षीला दुसरीच माणसे बोलावणार आहोत. विजेच्या वाद्यांवर संगीत करणारे, ज्यांचे सगळे काम तारा, बटणे आणि संगणक यांच्यावर चालते, अशी ही मंडळी. नव्यात नवे यंत्र त्यांना हाताशी आहे. तरीही जगभर यांच्यापैकी अनेक जण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सिंथेसायझरच्या शोधात असतात आणि त्यासाठी काही लाख रुपये मोजतात. संगणकाच्या एका प्रोग्रॅममध्ये तसाच आवाज मिळत असताना ही माणसे असे का करतात, हे समजून घेतले तर आपल्या खोलीतील तंबोऱ्यांचा प्रश्नही सोपा होईल.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला सिंथेसायझर लोकांपुढे आणला. त्याचे तत्त्व आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही कळेल असे आहे. विजेच्या एका मंडलात कंप निर्माण करायचा. तो स्पीकरमधून ऐकला की सूर. व्होल्टेज वाढवले की सूर चढतो, कमी केले की उतरतो. मूग यांनी हिशेब असा बसवला की एक व्होल्ट वाढला म्हणजे बरोबर एक सप्तक वर. त्या सुरातील वरचे स्वरांश कमी-अधिक करण्यासाठी गाळणी, म्हणजे फिल्टर, आणि आवाज किती वेळात वाढावा व किती वेळात विरावा हे ठरवणारा आणखी एक भाग. या सर्वांवर हाताने फिरवायची बटणे. ही प्रारंभीची यंत्रे कपाटाएवढी असत आणि त्यांचे भाग एकमेकांना जोडण्यासाठी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या तारा खोचाव्या लागत. १९७० साली आलेले ‘मिनीमूग’ मात्र टेबलावर मावणारे होते. ते १९८१ पर्यंत बनत राहिले आणि मागणी इतकी टिकली की कंपनीने २०१६ साली तेच मॉडेल पुन्हा काढले.

आता या मिनीमूगचे दोष पाहा. त्यात एका वेळी एकच सूर वाजतो. त्याला स्मरणशक्ती नाही. आज जमवलेला आवाज उद्या हवा असेल तर बटणे कुठे होती ते कागदावर लिहून ठेवावे लागते. सुरू केल्यावर ते थोडे गरम होईपर्यंत सूर सरकतात, म्हणून वाजवण्यापूर्वी जुळवून घ्यावे लागते. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आला आणि हे सगळे दोष नाहीसे झाले. एका बटणावर तयार आवाज, सूर पक्के, अनेक सूर एकदम. वादकांनी जुनी यंत्रे विकून टाकली, ती मिळेल त्या किमतीला गेली. मग पुन्हा त्यांच्याकडे ओढा का सुरू झाला?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर आपल्या तंबोऱ्यात आहे. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आपण जोड म्हणतो. दोन्ही षड्जातच लावतात. पण कितीही चांगल्या कानाच्या माणसाने लावल्या तरी त्या गणिताने तंतोतंत एक होत नाहीत, आणि त्या अगदी सूक्ष्म फरकामुळेच त्यांचा नाद भरीव होतो, खोलीभर फिरतो. मिनीमूगमध्ये सूर निर्माण करणारे तीन भाग आहेत. तिन्ही एकाच सुरात लावले की त्यांच्यातही तसाच किंचित फरक राहतो आणि आवाजाला तशीच जाडी येते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी काढतो, तेव्हा एकाच तारेतून निरनिराळे स्वरांश उमलतात. फिल्टरचे बटण सावकाश फिरवले की मिनीमूगमध्ये जवळजवळ तीच गंमत ऐकू येते. पेटीवर मींड निघत नाही, हे पेटीचे जुने दुखणे. मिनीमूगवर एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाता येते. ज्याला आपण परदेशी यंत्र म्हणतो ते या बाबतीत आपल्या गाण्याच्या पेटीहूनही जवळचे आहे.

हे नुसते आमचे म्हणणे नाही, आपल्याच देशात ते करून पाहिले गेले आहे आणि तेही आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तेथे बसवून दिला. यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. त्या स्वतः पखवाज वाजवीत. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या संगीतकाराला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. एनआयडीच्या त्या स्टुडिओत १९७२ पर्यंत गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी नाना प्रयोग केले. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि टेपची रिळे संस्थेच्या संग्रहात पडून राहिली. पॉल पुर्गास या ब्रिटिश कलावंताने ती शोधून काढली आणि २०२३ साली त्यातील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. भारतात विजेच्या वाद्यांवरील संगीत इतक्या लवकर सुरू झाले होते हे तेव्हा बहुतेकांना प्रथमच कळले. मधल्या चार-पाच दशकांत कोणी तरी त्या कपाटाची ‘साफसफाई’ केली असती, तर आज दाखवायला काहीच उरले नसते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एक ध्वनिमुद्रिका केली. तीन जपानी यंत्रे घेतली, सर्व रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बास वाजवणारे लहान यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यांवर भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा या मुद्रिकेकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. टीबी-३०३ ची गतही तीच झाली. बास गिटारची नक्कल करण्यासाठी ते बनवले होते, नक्कल साधली नाही आणि १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. पण जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या याच यंत्राची बटणे वेडीवाकडी फिरवून शिकागोच्या तरुणांनी १९८७ साली ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नवा संगीतप्रकार रूढ केला. सिंग यांची ध्वनिमुद्रिका २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा जगाला दिसले की त्याच यंत्रांतून तसाच नाद एका भारतीय वादकाने पाच वर्षे आधी काढला होता. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांना मग युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

या दोन्ही उदाहरणांतून आम्हाला एकच गोष्ट दिसते. या यंत्रांनी वादकाला तयार काही दिले नाही. त्यांनी त्याला कान लावायला आणि हात फिरवायला भाग पाडले. बटण किंचित फिरवायचे, ऐकायचे, पुन्हा फिरवायचे. या खटाटोपात असे काही हाती लागते की जे यंत्र बनवणाऱ्याच्याही मनात नव्हते. तयार आवाजांच्या यादीतून निवड करणारा माणूस त्या यादीबाहेर सहसा जात नाही. जुन्या सिंथेसायझरचे आकर्षण वयात नाही, या खटाटोपात आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या वेडात हौस आणि प्रतिष्ठा यांचा वाटा मोठा आहे. लाखो रुपयांचे यंत्र घेऊन ते शोभेला ठेवणारेही आहेत. जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती महाग पडते. आणि नव्या यंत्रांनी मोठे उपकार केले आहेत, हेही नाकारता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात रियाझ करणाऱ्या मुलीला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची लहानशी पेटी वरदान वाटते. गणेशोत्सवात किंवा नवरात्रातील गरब्यात एका कीबोर्डवर चार वादकांचे काम भागते. आम्ही कीबोर्डच्या विरुद्ध नाही. शाळेने एक चांगला कीबोर्ड जरूर घ्यावा.

पेटीकडे पाहा. तीही एके काळी परदेशी यंत्रच होती. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दार बंद ठेवले होते. तिच्यात श्रुती नाहीत ही तक्रार जुनी आहे. बडोद्यात १९१६ साली भातखंडे यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यातही श्रुतींचा विषय होता. त्याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींची खास पेटी करवून घेतली. म्हणजे आपल्या माणसांनी यंत्र नाकारले नाही आणि ते जसे आले तसे मुकाट्याने स्वीकारलेही नाही. त्याच्याशी झटापट केली. गोविंदराव टेंबे यांनी त्याच पेटीतून गळ्याचा भास होईल असे वादन करून दाखवले. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ साली गायनशाळा सुरू केली, त्या शहरातील मराठी शाळेने ही झटापट सोडून द्यावी काय?

शाळेत मुलाने तयार गाणे वाजवून दाखवावे, एवढाच हेतू असेल तर कीबोर्ड पुरे. परंतु सूर लागला की नाही हे त्याच्या स्वतःच्या कानाला कळावे असा हेतू असेल, तर जे वाद्य जुळवावे लागते तेच त्याच्या हाती दिले पाहिजे. जुळवाजुळवीला आपण कटकट म्हणतो, पण खरे शिक्षण त्या दहा मिनिटांत होते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची तीन बाबतींत विनंती आहे. पहिली, तंबोरे आणि पेट्या भंगारात देऊ नयेत. दोन्ही तंबोऱ्यांना नव्या तारा घालून, जवारी काढून घ्यावी आणि पेट्यांची दुरुस्ती करावी. हा खर्च एका चांगल्या कीबोर्डच्या किमतीहून फार अधिक होईल असे आम्हाला वाटत नाही, आणि पेटीचे काम जाणणारे कारागीर पूर्वीइतके राहिलेले नाहीत, तेव्हा उशीर करू नये. दुसरी, संगीताच्या तासाची पहिली दहा मिनिटे विद्यार्थ्यांनी स्वतः तंबोरा जुळवण्यासाठी ठेवावीत. तिसरी विनंती विज्ञानाच्या शिक्षकांना आहे. ५५५ नावाची लहान चिप, दोन-तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर, फिरवायचे एक बटण, नऊ व्होल्टची बॅटरी आणि लहान स्पीकर एवढ्यात सूर काढणारे मंडल तयार होते. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी ते बनवावे आणि शेजारी तंबोरा ठेवावा. बटण फिरवून यंत्राचा सूर तंबोऱ्याच्या षड्जाला मिळवता येतो का, ते येणाऱ्या प्रत्येकाने स्वतः करून पाहावे.

ज्या पालकांनी सूचना केली त्यांनाही आम्ही त्या दिवशी आग्रहाने बोलावणार आहोत. पहिला सूर त्यांनी जुळवावा. तो जुळला म्हणजे खोलीतली अडगळ कोणती आणि ठेव कोणती, हे आपण सर्व मिळून ठरवू.