पैशाची किंमत नव्हे, श्रमाची किंमत!

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की एक उपदेश दरवर्षी कानावर येतो. मुलांनी सुट्टीत घरी लोळत पडण्यापेक्षा चार तास कुठेतरी काम करावे, स्वतःच्या कष्टाचे चार पैसे हातात घ्यावेत, म्हणजे त्यांना पैशाची किंमत कळेल! पाठोपाठ अमेरिकेचा दाखला येतो. तिकडे म्हणे डॉक्टरचा मुलगाही हॉटेलात बशा धुतो आणि वकिलाची मुलगीही शेजाऱ्यांची मुले सांभाळते. उपदेश वाईट नाही. पण तो कोणासाठी आहे आणि आपल्या मुलांना तो कितपत लागू पडतो, हे तपासून पाहिले पाहिजे.

ज्या घरात वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो, त्या घरातल्या मुलाला पैशाची किंमत शिकवावी लागत नाही. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप सकाळी नाक्यावर उभा राहून कामाची वाट पाहतो. सिलिंडर किती दिवस पुरवायचा, सहलीचे पैसे घरी मागायचे की नाही, हे त्या मुलाला सातवीतच कळलेले असते. आपल्या वस्त्यांतील मुलांना पैशाची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही ती स्वतःच्या श्रमाची किंमत! आणि ती ठाऊक नाही, कारण ती त्यांना कोणी कळूच दिलेली नाही.

समजा, अकरावीतला सोळा वर्षांचा मुलगा लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जातो. दुपारी चारला हॉलवर हजर व्हायचे. टेबले मांडायची, पाणी भरायचे, वाढायचे, खरकटे उचलायचे. शेवटचा पाहुणा जेवून उठतो अकराला. भांडी आवरून टेम्पोत चढवेपर्यंत रात्रीचा एक वाजतो. हातात पडतात चारशे रुपये आणि उरलेले जेवण. पोरगा खूष! पण नऊ तासांनी भागले तर तासाला पंचेचाळीस रुपयेही पडत नाहीत. त्यातून जाण्यायेण्याचे भाडे गेले, काळी पँट आणि पांढरा शर्ट त्याचाच, एखादा ग्लास फुटला तर तोही त्याच्याच खात्यावर. दुसऱ्या दिवशी वर्गात डोळे मिटतात ते वेगळेच. हा हिशेब त्याने कधी मांडलेला नसतो. त्याला भागाकार येत नाही असे नाही. आपल्या श्रमाचाही हिशेब असतो, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

कायदा काय म्हणतो? बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ साली दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आली आणि चौदा ते अठरा या वयाला ‘किशोर’ म्हणून कायद्यात जागा मिळाली. किशोरांना खाणीत, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या कामात आणि धोकादायक प्रक्रियांत घेता येत नाही. इतरत्र घेता येते, पण अटींवर. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. मग किमान एक तासाची विश्रांती. विश्रांती आणि कामाची वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसाकाठी सहा तासांच्या वर नाही. जादा काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. आणि संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नाही! आता वरचा मुलगा पुन्हा डोळ्यांपुढे आणा. त्याचे निम्म्याहून अधिक काम कायद्याने बंदी घातलेल्या वेळेत झालेले आहे. हे त्याला माहीत नाही, त्याच्या आईबापांना माहीत नाही. ठेकेदाराला माहीत असले तरी तो सांगणार नाही.

अमेरिकेचा दाखला देणारेही तिथली बशी दाखवतात, कायदा दाखवत नाहीत. तिथे १९३८ च्या कायद्याखाली चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी तीन तासांच्या वर आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तासांच्या वर काम देता येत नाही. शिवाय तिथल्या डॉक्टरच्या मुलाने बशा धुतल्या म्हणून उद्या कोणी त्याच्या सात पिढ्यांना बशा धुणारे ठरवत नाही. आपल्याकडे काम माणसाला चिकटते आणि मग जात म्हणून त्याच्या मुलांनाही चिकटते. हा फरक विसरून केलेला उपदेश पोकळ आहे.

किमान वेतन हा या देशात १९४८ पासून कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याचे विधेयक १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच मांडले होते. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही या कलमाच्या अर्थाने सक्तीची मजुरीच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात दिला. म्हणून ‘शिकतोय ना अजून, अनुभव मिळतोय ना’ असे म्हणून जो दुकानदार मुलाच्या हातावर दिवसाला शंभर रुपये टेकवतो, तो त्या मुलाला काही शिकवत नाही. तो वेठ घेतो.

वेठ हा शब्द आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी महार वतनाविषयी विधेयक आणले, ते याच प्रश्नावर. वतनाच्या कामाला तास नव्हते, ठरलेला पगार नव्हता. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कामाला जुंपले जाई. मोबदला काय, तर बलुत्याचे दाणे आणि शिळी भाकरी. श्रमाला किंमत नव्हतीच, कारण त्याला श्रम न म्हणता ‘कर्तव्य’ म्हटले जात होते.

ही रीत संपली असे कोणी समजू नये. आई आजारी पडली की चौदा-पंधरा वर्षांची मुलगी तिच्या ‘बदली’ घरकामाला जाते. ती शाळा बुडवते, लादी पुसते, भांडी घासते, आणि तिच्या कामाचे पैसे आईच्या पगारातच धरले जातात. म्हणजे तिचे श्रम फुकट! घरी येऊन स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचे करणे आहेच; ते तर कोणी कामातही मोजत नाही. मुलाच्या कमाईचे निदान कौतुक होते, मुलीच्या श्रमाचा उच्चारही होत नाही. वतनात जशी घरातल्या कोणालाही हाक येई, तशीच ही हाक आहे.

२०१६ च्या दुरुस्तीतही एक मोठी पळवाट ठेवली आहे. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत चौदा वर्षांखालील मुलाने कुटुंबाच्या धंद्यात मदत केली तर ती चालते, धंदा धोकादायक नसला म्हणजे झाले. ऐकायला किती निरागस! पण या देशात कुटुंबाचा धंदा म्हणजे बहुतेक वेळा जातीचा धंदा. ज्याच्या बापाचे किराणा दुकान आहे तो मुलगा गल्ल्यावर बसून व्यवहार शिकतो. ज्याच्या बापाच्या हातात रापी आहे त्याच्या हातात रापी येते, ज्याच्या आईच्या हातात केरसुणीच्या पाती आहेत तिच्या मुलीच्या हातात त्याच पाती येतात. दोघांनाही कायदा ‘मदत’ म्हणतो. एकाला मदतीतून मालकी मिळते, दुसऱ्याला पिढीजात काम.

मग आपल्या मुलांनी काम करूच नये काय? मुळीच तसे नाही. स्वावलंबन ही आपलीच शिकवण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखवला. सर्व जातींची गरीब मुले एका वसतिगृहात राहिली, एका पंगतीला जेवली, शेतात राबली. पण त्यांचे श्रम ठेकेदाराच्या खिशात गेले नाहीत, त्यांच्याच शिक्षणात जमा झाले. काम शिक्षणासाठी होते; शिक्षण सोडून काम नव्हते. कोणतेही अर्धवेळ काम याच कसोटीवर घासून पाहावे.

बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रसंग या ठिकाणी आठवावा. साताऱ्याची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात, हे ऐकून लहानग्या भीमरावानेही गिरणीत जायचे ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याची पैशांची थैली लांबवायचा बेत केला. तीन रात्री साधले नाही, चौथ्या रात्री थैली हाती लागली. आत निघाला फक्त अर्धा आणा! त्या मुलाला स्वतःची लाज वाटली आणि अभ्यास करूनच स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असा निश्चय त्याने केला. पुढे १९२३ साली लंडनमध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो रुपयाच्या प्रश्नावर. रुपयाची किंमत कशी ठरते आणि ती ढासळली की कोण भरडले जाते, हे त्याने अर्थशास्त्राच्या जगाला सांगितले.

त्या थैलीत गाडीभाडे निघाले असते तर? हा प्रश्न प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावा. कारण आज आपल्या मुलांच्या हाती ते गाडीभाडे सहज पडते आहे. अठरा पूर्ण होताच मोबाईलवर नाव नोंदवले, हप्त्यावर गाडी घेतली की पोरगा डिलिव्हरीला लागतो. आधी संध्याकाळपुरता, मग दुपारपासून, मग दिवसभर. गाडीचा हप्ता थांबत नाही म्हणून कॉलेज थांबते. अर्धवेळ काम असे गुपचूप पूर्णवेळ शिक्षण गिळते. आज मिळणारे पाचशे दिसतात, पाच वर्षांनी गमावलेली पदवी दिसत नाही.

यावर उपाय बाबासाहेबांनीच करून दाखवला आहे. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तिथले वर्ग सकाळी भरवले गेले, नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला शिकता यावे म्हणून! विद्यार्थ्याने कॉलेजच्या घड्याळापुढे मान तुकवावी असे न म्हणता कॉलेजनेच कष्टकऱ्याच्या घड्याळाकडे पाहिले. आजची किती महाविद्यालये असे पाहतात? हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसू न देणाऱ्यांनी तो मुलगा रात्री कुठे होता, हे एकदा तरी विचारले आहे काय?

शासनाचीही जबाबदारी आहे. शिष्यवृत्ती आणि ‘स्वाधार’चे पैसे वर्ष सरल्यावर खात्यात येत असतील, तर त्यांचा उपयोग काय? खोलीभाडे दर महिन्याला द्यावे लागते, मेसवाला दर महिन्याला पैसे मागतो. जो हप्ता वेळेवर येत नाही, तो मुलाला वर्गातून उठवून हॉलवर पाठवतो. आणि रात्री अकरा वाजता लग्नाच्या हॉलवर ताटे उचलणारी मुले साऱ्या गावाला दिसतात, ती कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनाच का दिसत नाहीत?

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. मुलांची टोळी घेऊन जाणारा मुकादम पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. सकाळी ‘जय भीम’ घालतो आणि रात्री पोरांचे शंभर-दोनशे कापून घेतो! त्याला चारचौघांत जाब विचारला पाहिजे. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते त्या ठिकाणीच एक वही ठेवा. कोणता मुलगा, कोणती मुलगी, कुठे, किती तास, किती पैशांवर काम करते, हे तिच्यात लिहा. आठवड्याभरात कोण लुबाडतो ते कळेल. एकटा पोरगा भाव करू शकत नाही. वीस जण मिळून सांगतील की एवढ्या पैशांच्या खाली आणि एवढ्या तासांच्या वर येणार नाही, तर ठेकेदाराला ऐकावे लागेल. संघटित होणे म्हणजे फक्त मोर्चा नव्हे, हेही आहे.

आणि मिळवलेला पैसा? तथागतांनी सिगाल या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले होते. एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, एक अडचणीच्या दिवसासाठी. विद्यार्थ्याचा उद्योग म्हणजे त्याचे शिक्षण. दोन भाग तिकडे गेलेच पाहिजेत. पहिल्या कमाईचा नवा मोबाईल आणि दुसऱ्या कमाईची मिरवणुकीतल्या डीजेला वर्गणी, असा हिशेब असेल तर श्रमाची किंमत आपण स्वतःच मातीमोल केली, असे म्हणावे लागेल.

आईबापांना एवढेच सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी कामावरून परत आली की ‘किती मिळाले?’ एवढेच विचारून थांबू नका. किती तासांचे मिळाले, ते विचारा. कोणी कापून तर घेतले नाही ना, ते विचारा. आणि उद्या सकाळी कॉलेजला जाणार आहेस ना, हे सर्वांत आधी विचारा.