सहीच्या आधीची जाहिरात

कर्जाने फसलेला ग्राहक आपल्याकडे येतो तेव्हा करारनामा आणतो, हप्त्यांचा तक्ता आणतो. ज्या जाहिरातीवर विश्वास ठेवून त्याने कर्ज घेतले ती मात्र आणत नाही आणि आपण वकीलही ती मागत नाही. कितीतरी तक्रारी इथेच लंगड्या पडतात.

'महिना फक्त 1 टक्का' हा फलक घ्या. कोणीही वर्षाला 12 टक्के असेच समजेल. 1 लाखाच्या कर्जावर 12 महिन्यांचे फ्लॅट व्याज 12,000 रुपये, हप्ता सुमारे 9,333. पण मुद्दल पहिल्या महिन्यापासूनच फिटत असते, त्यामुळे घटत्या शिलकीवर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. 2 टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापून 98,000 हातावर टेकवले, तर 25 टक्क्यांच्याही वर. फलकावरचा आकडा खोटा नाही, असा बचाव हमखास येतो. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(28) नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हीसुद्धा दिशाभूलच आहे. 'शून्य टक्के' योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आडून वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सुनावले होते.

1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे केएफएस, बंधनकारक झाले. त्यात सगळ्या शुल्कांसह वार्षिक दर दाखवावा लागतो, तोही ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत. ही सुधारणा मोलाची आहे. मात्र आता सामनेवाला हेच सही केलेले पत्रक पुढे करून ग्राहकाला सारे ठाऊक होते असे म्हणणार. हा युक्तिवाद मान्य होऊ देता कामा नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, दिशाभूल करणारा दावा खुलाशाची तळटीप जोडून दुरुस्त करता येत नाही. शिवाय तो खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा. जाहिरातीतली तळटीप जे दुरुस्त करू शकत नाही, ते ग्राहक दुकानात येऊन बसल्यावर पुढे केलेला कागद कसा करील? मराठी फलकाखाली बारीक इंग्रजीत छापलेल्या अटींचा तर प्रश्नच उरत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पहिल्या उल्लंघनाला 10 लाखांपर्यंत आणि पुढच्याला 50 लाखांपर्यंत दंड करता येतो. फसवणूक अनेकांची असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम 17 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. हा मार्ग आपल्यापैकी फार थोडे वापरतात.

म्हणून पहिल्याच भेटीत जाहिरात मागा. फलकाचा फोटो, मोबाइलवरचा संदेश, तारखेसह स्क्रीनशॉट, जे असेल ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह दाखल करा. आणि विनंती कलमात नुकसानभरपाईच्या जोडीला सामनेवाल्याच्या खर्चाने दुरुस्तीची जाहिरात द्यावी, ही मागणी जरूर घाला. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 39 ने ग्राहक आयोगाला तो अधिकार दिलेला आहे.