खताच्या बेटांवरचा पाणकावळा

तळ्याकाठच्या वठलेल्या झाडावर पंख पसरून निश्चल बसलेला काळा पाणकावळा महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते. पाणकावळ्याची पिसे मात्र भिजतात. त्यामुळे त्याला बुडी मारणे सोपे जाते, आणि बाहेर आल्यावर उन्हात पंख वाळवीत बसणेही भाग पडते. याच कुळातील एक पक्षी दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि उत्तर चिलीच्या समुद्रात राहतो. त्याचे नाव ग्वानाय. एका पक्ष्याच्या विष्ठेवर एका देशाची तिजोरी चालावी, हे ऐकताना थट्टा वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकात पेरूमध्ये सुमारे चाळीस वर्षे हेच घडत होते.

ग्वानायची पाठ काळी, पोट पांढरे आणि डोळ्याभोवतीची कातडी लालसर असते. तो खडकावर ताठ उभा राहिला की दुरून पेंग्विनचा भास होतो. त्याचा संसार थव्याशिवाय चालत नाही. सकाळी लांबच लांब रांगा बेटावरून उडतात, वरून माशांचा थवा दिसला की सारे तेथेच पाण्यावर उतरतात, आणि मग एकामागून एक बुड्या सुरू होतात. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे अँकोव्हेटा हा बोटभर लांबीचा मासा. या किनाऱ्यावर वारा वरचे पाणी समुद्राकडे लोटतो आणि खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर हे मासे पोसतात, आणि माशांवर पक्षी.

घरटे बांधण्यासाठी ग्वानाय काडी शोधीत नाही, कारण त्या उजाड बेटांवर काडी मिळतच नाही. विष्ठा आणि पिसे यांचीच तो वाटीसारखी कडा करतो. एका चौरस मीटरमध्ये तीन-तीन घरटी असतात. शेजाऱ्याची चोच पोहोचणार नाही इतकेच अंतर राखलेले. मादी दोन-तीन अंडी घालते, आणि ती उबवण्याचे व पिलांना भरवण्याचे काम नर-मादी आळीपाळीने करतात. त्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. म्हणून विष्ठा धुऊन जात नाही. तिच्यातील नत्र आणि स्फुरद जागच्या जागी साठत राहते. या साठ्याला स्थानिक क्वेचुआ भाषेतील शब्दावरून ‘ग्वानो’ म्हणतात, आणि पक्ष्याचे नावही त्यावरूनच पडले.

इंका राज्यकर्त्यांना या खताचे मोल ठाऊक होते. विणीच्या काळात बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला किंवा पक्षी मारणाऱ्याला त्यांच्या राज्यात देहदंड होता, असे जुन्या इतिवृत्तांत नोंदलेले आहे. १८०४ मध्ये अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी या खताचे नमुने युरोपात आणले. १८४० नंतर तेथील थकलेल्या शेतजमिनींसाठी मागणी अशी वाढली की चिंचा बेटांपुढे जहाजांची रांग लागू लागली. तेथील थर काही ठिकाणी दीडशे फुटांहून उंच होते. ब्रिटनमधील विक्री लंडनच्या अँटनी गिब्ज या पेढीकडे आडतीने होती. माल विकला जाण्यापूर्वीच सरकार त्यावर आगाऊ उचल घेई, आणि त्या उचलीवर व्याज भरी. १८५४ मध्ये पेरूने गुलामगिरी रद्द केली, तेव्हा मालकांची भरपाई याच पैशातून झाली. बेटांवर खणती करायला मात्र चीनमधून कराराने मजूर आणले गेले. तिखट धुरळ्यात, उन्हात, पळून जायला वाटच नसलेल्या त्या खडकांवर अनेकांनी प्राण सोडले. व्यवहाराच्या वह्यांत टनांचा हिशेब होता; त्यांचा फारसा कोणी ठेवला नाही.

शतकानुशतकांची ही साठवण काही दशकांत उपसली गेली. कुदळीच्या आवाजाने पक्षीही उठून गेले होते, म्हणून नवी भर पडणे जवळपास थांबले. मुद्दल खर्ची पडत होते आणि कागदावर ते उत्पन्न दिसत होते. १८७६ मध्ये पेरूने विदेशी कर्जाची फेड थांबवली.

१९०९ मध्ये सरकारने खतासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि कारभाराची रीत उलटी केली. आधी पक्षी, मग खत. बेटांवर रखवालदार नेमले, जहाजांना जवळ येण्यास मज्जाव केला, आणि एका बेटावर खणती झाली की ते काही वर्षे मोकळे सोडले. पुढे किनाऱ्यावरील भूशिरांना भिंती घालून कोल्ह्यांपासून सुरक्षित अशी नवी वसतिस्थानेही तयार केली. १९५० च्या दशकाच्या मध्यास खत देणाऱ्या पक्ष्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली. त्यात ग्वानायच सर्वाधिक होते.

त्यानंतर पक्ष्यांच्या ताटातलाच घास दुसऱ्याने उचलला. अँकोव्हेटा दळून त्याची भुकटी युरोप-अमेरिकेतील कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी जाऊ लागली. १९७० मध्ये या माशाची पकड १ कोटी २० लाख टनांवर पोहोचली. त्यातच एल निन्यो हा तेथील समुद्राचा जुना, अधूनमधून येणारा फेरा. पाणी तापते, मासे खोल किंवा दक्षिणेकडे निघून जातात, आणि भुकेले ग्वानाय अंडी-पिले टाकून उडतात. किनाऱ्यावर मेलेल्या पक्ष्यांचा खच पडतो. पूर्वी अशा वर्षांनंतर थवे पुन्हा भरत, कारण मासे परत येत. आता परतणाऱ्या माशांसाठी आधीच जाळी लागलेली होती. १९६५ च्या फेऱ्यानंतर पक्षी पन्नास लाखांच्या आसपास उरले, आणि १९७२ मध्ये मासेमारीच कोसळली.

१९७२ हे साल महाराष्ट्रातही विसरले गेलेले नाही. त्या वर्षी भारतातील पाऊस रुसण्यामागे जी कारणे होती, त्यांत पॅसिफिकच्या तापलेल्या पाण्याचा वाटा शास्त्रज्ञ मान्य करतात. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर मराठवाड्यातील माणसे उभी होती, तेव्हा त्याच समुद्राकाठी ग्वानायची घरटी ओस पडत होती.

ग्वानायची जुनी संख्या आजवर परतलेली नाही. २००९ मध्ये २२ बेटे-बेटुके आणि ११ भूशिरे मिळून पेरूने राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित केले. खत अजूनही निघते, पण यंत्राविना. अँडीज पर्वतातून आलेले मजूर कुदळीने थर फोडतात, झाडूने गोळा करतात, चाळतात, पोती पाठीवर वाहतात. बराचसा माल देशातल्याच शेतकऱ्यांकडे जातो. काम संपले की तंबू उचलून सारे बेट सोडतात. मागे राहतात ते रखवालदार, आणि रिकाम्या खडकावर पुन्हा उतरणारे पक्षी.