तीन चाकांचा गुन्हा

बीदर-भालकीकडील आमचे जे वाचक आप्तांच्या भेटीस, दवाखान्याच्या निमित्ताने वा व्यापारासाठी हैदराबादेस जातात, त्यांना मलकपेठ अपरिचित नाही. मुसी नदीवरील चादरघाटचा पूल ओलांडला की ही वस्ती लागते. घोड्यांच्या शर्यतींचे मैदान तेथेच, महबूब मॅन्शनचा जुना गंज तेथेच, आणि शहराच्या पूर्व भागातील वाहनांना क्रमांक व परवाने देणारी परिवहन कचेरीही तेथेच. या वस्तीतून दिलसुखनगरकडे धावणाऱ्या ऑटोरिक्षा क्षणभर उभे राहून पाहाव्यात. पुलाशी एक उतारू चढतो, पुढल्या चौकात दुसरा, मेट्रोच्या स्थानकाखाली आणखी दोघे; प्रत्येकजण आपल्यापुरते पैसे मोजतो आणि हवे तेथे उतरतो. भर दिवसा, सर्वांच्या डोळ्यांदेखत हा व्यवहार चालतो आणि तरीही कायद्याच्या लेखी तो गुन्हा ठरतो!

गुन्हा का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्रवासी वाहनांचे दोन वर्ग कायद्याने केलेले आहेत. ठरलेल्या मार्गाने जाऊन वाटेत उतारू घेणारे व सोडणारे ते टप्पा वाहन. सबंध गाडी एका गिऱ्हाइकाने ठरवून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली तर ते कंत्राटी वाहन. ही विभागणी विलायतेतल्या १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यात होती, तेथून ती आपल्याकडील १९३९ च्या मोटार कायद्यात आली आणि १९८८ च्या कायद्यातही ती जशीच्या तशी वावरते आहे. ज्यांनी ती प्रथम आखली त्यांच्यापुढे लंडनच्या बसगाड्या आणि सहलीच्या मोटारी होत्या. ऑटोरिक्षा आपल्या रस्त्यावर आली ती स्वातंत्र्यानंतर; माणसाने माणसाला ओढण्याची लाज संपावी म्हणून पुण्याच्या नवलमल फिरोदियांसारख्यांनी तिचा पुरस्कार केला. म्हणजे वर्ग आधी जन्मला आणि वाहन मागाहून. सरकारने ते वाहन श्रीमंताच्या भाड्याच्या मोटारीशेजारी, कंत्राटी वर्गात बसविले आणि फाईल बांधून टाकली. विलायतेत तीनचाकी गाडीला मोटारसायकलच्या पंक्तीस बसविले, तेव्हा मोटारसायकलच्या परवान्यावर ती चालविण्याची सोय कामगाराला झाली. आमच्या रिक्षावाल्याला मिळाला तो श्रीमंती वर्ग आणि गरिबाचे उतारू.

गंमत अशी की, याच कायद्याच्या व्याख्येत एक खिडकी उघडी आहे. सहापर्यंत उतारूंची भाड्याची मोटार, उतारूंकडून वेगवेगळे भाडे घेतले तरीही कंत्राटी वाहनच राहील, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. माणशी भाडे घेणे हे मुळात पाप नाही. पाप ठरते ते परवान्यावरील अटींमुळे, आणि त्या अटी घालणे वा सैल करणे हे राज्याच्या परिवहन प्राधिकरणाच्या हाती आहे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे येथे मार्ग व माणशी दर ठरवून शेअर रिक्षांना मान्यता दिली गेली, ती याच कायद्याखाली. मग मलकपेठेस ते का अशक्य असावे?

दुसरीकडे दंडाचा आकडा पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यातील मार्गाच्या वा उद्देशाच्या अटीचा भंग करणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद केंद्रीय कायद्यात आली. राज्यांनी ती कमीअधिक कठोरपणे अमलात आणली, हे खरे. परंतु हैदराबादेत २०१४ मध्ये ठरलेला मीटरचा दर पहिल्या १.६ किलोमीटरला २० रुपये व पुढे दर किलोमीटरला ११ रुपये असा होता, आणि दहा वर्षे उलटेपर्यंत तो हलला नव्हता. त्या दराने दहा हजार रुपये म्हणजे नऊशे किलोमीटरांची मजुरी, तीही इंधनाचा खर्च वजा न करता! गॅसचे भाव दहा वर्षे थांबून राहिले नव्हते. मग रिक्षावाला मीटर टाकीत नाही, अशी तक्रार करताना आपणही जरा विचार करावा. (उद्दाम रिक्षावाले आम्ही पाहिलेले नाहीत असे नव्हे, भरपूर पाहिले आहेत.) त्यात ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात सरकारी बसमधून स्त्रियांना विनामूल्य प्रवास मिळू लागला. ती योजना चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध आम्ही चकार शब्द काढणार नाही. पण शेअर रिक्षेच्या उतारूंत स्त्रियांचा वाटा केवढा मोठा होता, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी रिक्षावाल्यांचे काय होईल याचा विचार आधी करावयास हवा होता. तो झाला निदर्शनांनंतर.

बॅटरीच्या रिक्षेची कथा याहून चमत्कारिक. २०१४ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तिला रस्त्यावरून हटविले, त्याच वर्षी केंद्राने तिच्यासाठी नियम केले, आणि २०१५ च्या दुरुस्तीने तिला कायद्यात स्वतंत्र घर मिळाले: चार हजार वॅटपर्यंत शक्ती, ताशी २५ किलोमीटर वेग आणि चार उतारू. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये विजेवर चालणाऱ्या वाहतूक वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली. म्हणजे हळू व हलकी गाडी परवान्यावाचून चार माणसे नेऊ शकते आणि तिच्याहून दणकट गाडीने तीनाऐवजी चार नेली की शिपाई शिटी वाजवितो. हा कोणता न्याय?

पाच लाखांहून मोठ्या शहरांत कंत्राटी परवान्यांच्या संख्येस मर्यादा घालण्याची मुभा कायद्यात आहे. हैदराबादेत नव्या रिक्षांवर दीर्घकाळ निर्बंध राहिले; जुनी मोडीत काढावी तेव्हा नवी घ्यावी. अशा वेळी परवाना हीच मालमत्ता होते, ती सावकाराच्या पेटीत जाते आणि चालविणारा रोजच्या भाड्याने गाडी घेतो. मर्यादा उठविली म्हणजे सारे सुरळीत होते, असेही आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ती उठविली, तेव्हा थांब्यांवर रांगा वाढल्या आणि जुने चालक हवालदिल झाले.

हा प्रश्न एकट्या हैदराबादेचा समजू नये. बेळगावचा कामगार शिनोळीच्या कारखान्यात जातो. अंतर दहा-पंधरा किलोमीटरांचे, पण मध्ये राज्याची हद्द. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात प्रतिस्वाक्षरीवाचून चालत नाही, असे कायदा सांगतो. त्या वाटेवर रिक्षावाल्याचे काय होते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

गर्दी, अपघात, शाळेच्या मुलांची कोंबाकोंबी ही भीती खोटी नाही. म्हणूनच नियमन हवे. तेव्हा मलकपेठच्या कचेरीतील अधिकाऱ्यांना आमची सूचना अशी की, शेअर रिक्षेचा पहिला मान्य मार्ग चादरघाट ते दिलसुखनगर हाच आखण्याची शिफारस त्यांनी वरिष्ठांकडे करावी, माणशी भाड्याची पाटी प्रत्येक थांब्यावर लावावी, आणि उतारू तीन की चार, हे गाडीची आसने मोजून एकदाच सांगून टाकावे.