सव्वादोन कोटींना जमतं, आठ कोटींना?

बेल्जियममध्ये ब्रसेल्सजवळ वॉटर्लूला १९७३ साली एक छोटी स्कँडिनेव्हियन शाळा सुरू झाली. परदेशात नोकरीला आलेल्यांच्या मुलांसाठी. एकेका देशाची मुलं थोडी, पण स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश या सख्ख्या बहिणी, एकमेकींना बऱ्यापैकी समजणाऱ्या. म्हणून तिघींची मिळून शाळा उभी राहिली.

हे तीन देश मिळून लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास. आणि मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख!

त्यांचं भाषाप्रेम आपल्यापेक्षा जास्त आहे असं नाही हो. हिशोब साधा आहे. नोकरी संपली की कुटुंब मायदेशी परतणार, पोराला तिकडच्या वर्गात बसता आलं पाहिजे. म्हणून स्वीडनचं सरकार परदेशातल्या स्वीडिश शाळांना चक्क अनुदान देतं.

आपल्याकडे? अमेरिकेतल्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात, बहुतेक ठिकाणी आई-बाबाच शिकवतात. त्यांना सलाम. पण स्वयंसेवक थकला की वर्ग बंद.

'ती मुलं कुठे परत येणारेत?' असं कुणी म्हणेल. ठीक. पण दिल्ली-बंगळुरूला बदलीवर गेलेली घरं तर येतात ना? २०२० च्या कायद्याने इथल्या शाळांत मराठी सक्तीची केलीय. बाहेर वाढलेल्या पोराने ती एकदम कुठून आणायची?

सक्ती करणाऱ्या सरकारने शिकण्याची सोयही करावी. २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. आता शिक्षकाच्या पगाराचं बोला.