बाळंतपणापलीकडची बाई रुग्णालयाला कधी दिसणार?

एखाद्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात महिला विभाग वाढवण्याची घोषणा झाली की बातमीत आकडा येतो तो खाटांचा. मग प्रसूतिगृहाचा मजला, सिझेरियनसाठी शस्त्रक्रियागृह, नवजात बाळांसाठी कक्ष यांची यादी येते. फीत कापली जाते, फोटो छापून येतात. यातले काहीही अनावश्यक नाही. बाळंतपणात एकही बाई दगावू नये, यासाठी एवढे तर हवेच.

पण याच यादीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहा. तुमची अम्मी, खाला किंवा मोठी भाभी आज चाळिशी-पंचेचाळिशीत असेल. तिचे शेवटचे बाळंतपण होऊन पंधरा-वीस वर्षे झाली. पाळी अनियमित झाली आहे, अंगावरून पांढरे जाते, मधेच रक्त दिसते, कंबर सतत दुखते. या नव्या मजल्यावर तिच्यासाठी कोणता दरवाजा आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल: स्त्रीरोग ओपीडीची रांग, आणि त्या रांगेत पहिला हक्क गरोदर बाईचा. ती दोनदा जाते, तिसऱ्यांदा जात नाही. दुखणे अंगावर काढते.

आमच्या मते महिला आरोग्यसेवेचा विस्तार मोजायचा तर या बाईपासून मोजावा. ती दारात आली तर तिची तपासणी होते का, तपासणीत काही सापडले तर उपचार तिथेच मिळतो का, आणि ती आलीच नाही तर तिच्यापर्यंत कोणी जाते का, हे तीन प्रश्न खाटांच्या आकड्याइतकेच मोलाचे आहेत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. २०२२च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा आजार होतो आणि ८० हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने मरतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग बराच काळ टिकून राहिला तर हा कर्करोग होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारणपणे दहा-पंधरा वर्षांचा किंवा त्याहूनही लांबचा असतो. म्हणजे आजार पकडायला निसर्गाने भरपूर वेळ दिला आहे. कर्करोगापूर्वीचे बदल वेळीच दिसले तर ओपीडीतच, भूल न देता, थोड्या मिनिटांत उपचार होतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. एवढा वेळ असूनही इतक्या बायका मरतात याचा अर्थ एवढाच की त्यांना कोणी तपासलेलेच नसते.

हे सगळे सिद्ध करायला परदेशात जाण्याची गरज नाही. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातच तयार झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथेच १९८७ साली सुरू झाली. पुढे टाटा मेमोरिअल, बार्शीचे हे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट केले गेले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था. व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरिअलने १९९८पासून दुसरा अभ्यास केला. त्यात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या वस्त्यांमधल्याच, साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. दर दोन वर्षांनी त्यांनी व्हीआयए तपासणी केली. २०१३मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच कार्यकर्त्या हाताने स्तनांची तपासणीही करत होत्या. वीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

या दोन अभ्यासांतला एक बारकावा शिबिरे भरवणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू लक्षणीय घटले नव्हते. मुंबईत दर दोन वर्षांनी केल्यावर घटले. आपल्याकडे ८ मार्चला किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला मोफत तपासणी शिबिर होते, बॅनर लागतो आणि दुसऱ्या दिवशी मंडप निघतो. ज्या बाईच्या तपासणीत काही संशयास्पद सापडले तिने पुढे कुठे जायचे, हे कोणी सांगत नाही. शिबिर वाईट नाही, पण त्यामागे वर्षभर उघडे असलेले दार हवे. असे दार फक्त रुग्णालयच देऊ शकते.

दुसरा मुद्दा बोचरा आहे. या अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नव्हती आणि त्यांच्यातल्या काही या आजाराने गेल्या. यावरून नैतिकतेचे रास्त प्रश्न उपस्थित झाले, वादही झाले. त्या वादात आपली बाजू कोणतीही असो, एक गोष्ट उरतेच. आपल्याच राज्यातल्या गरीब स्त्रियांनी हे ज्ञान जगाला मिळवून दिले. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. आपल्या सरकारनेही २०१६मध्येच तिशीपुढच्या स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी दोन टक्क्यांनीसुद्धा गर्भाशयमुखाची तपासणी कधी केलेली नव्हती. ज्ञान इथले, किंमत मोजली इथल्या बायकांनी, आणि फायदा मात्र इथेच पोचला नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. ‘तुमच्या बायका तपासणीला येतच नाहीत,’ हे वाक्य आरोग्य विभागाकडून आपण अनेकदा ऐकतो. त्यामागे आपल्या समाजाच्या मागासपणाचा निवाडा आधीच झालेला असतो. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात या प्रश्नाची दुसरी बाजू नोंदवलेली आहे. मुस्लिमबहुल भागांत वैद्यकीय सुविधा अपुऱ्या आहेत, आणि बुरखा घालणाऱ्या स्त्रियांना बाजारात, रुग्णालयात, शाळेत तुसडी वागणूक मिळते अशी त्यांची तक्रार आहे. जिथे नाव ऐकून किंवा पेहराव पाहून आवाज बदलतो, तिथे पडद्याआड कपडे उतरवून तपासणी करून घ्यायला बाई पुन्हा का जाईल? ती गल्लीतल्या ओळखीच्या दवाखान्यात जाते, मग तिथल्या डॉक्टरची पदवी कसलीही असो.

लाजेचा अंदाज बांधून सेवा उभी करणे अवघड नाही, याचा जुना दाखला मुंबईत आहे. १८८६मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले ते स्त्रियांनी स्त्रियांवर उपचार करावेत याच कल्पनेतून. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी देणगी दिली. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची यांनी कामाबरोबरच जाफर सुलेमान यांच्या नावाचा स्त्रियांचा दवाखानाही सांभाळला. पुरुष डॉक्टरसमोर न जाणाऱ्या बायकांना नावे ठेवत बसण्यापेक्षा त्या काळच्या मुंबईकरांनी स्त्री डॉक्टर आणली. एकशे चाळीस वर्षांनंतर आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद रिकामे असेल, तर दोष त्या बाईच्या हयेचा नाही.

आज तर लाज राखण्याचा आणखी सोपा मार्ग आहे. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः, बंद खोलीत, लहानशा ब्रशने घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. प्रत्यक्ष तपासणी मग फक्त ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह येतो त्यांचीच करावी लागते. महिला विभागाच्या विस्तारात ही चाचणी मागायलाच हवी.

मात्र सगळा दोष दुसऱ्यांच्या पदरात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ‘आपल्यात हा आजार नसतो’ ही समजूत आपल्या घराघरांत आहे. काही अभ्यासांत मुस्लिम स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले, हे खरे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि स्तनाचा कर्करोग कोणाची जमात विचारत नाही. दुसरी अडचण लशीबद्दलच्या अफवांची. २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस चुकलेल्या मुलांची किंमत आपण पाहिली. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्ही लशीला परवानगी मिळाली. ‘या लशीने मुली वांझ होतात’ असा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर आला, तर त्याला तिथेच उत्तर द्यायची जबाबदारी तुमची आहे, कारण घरात तो तपासून पाहू शकणारे तुम्हीच आहात. तिसरी अडचण परवानगीची. अम्मी दवाखान्यात जाणार का, हे अब्बा किंवा मोठा भाऊ ठरवत असेल, तर हा लेख आधी त्या भावासाठी आहे.

महिला विभाग वाढणार असेल तर त्यात काय असावे? आठवड्यातले ठरलेले दिवस फक्त तिशीपुढच्या स्त्रियांच्या तपासणीला, आणि वेळ अशी की धुणीभांडी करणारी किंवा घरी शिलाईकाम करणारी बाई रोज न बुडवता येऊ शकेल. खोलीला दार आणि दाराला कडी. संशय आला तर शक्यतो त्याच दिवशी उपचार, नाहीतर पुढच्या रुग्णालयाचे नाव, तारीख आणि फोन करून विचारपूस करणारी व्यक्ती. सोबत रक्तक्षयाची तपासणी, कारण राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. पाळी थांबण्याच्या काळातल्या तक्रारींसाठी सल्ला. आणि मारहाण सोसणाऱ्या स्त्रीसाठी समुपदेशन. मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने २०००मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईला कसे विचारायचे, याचे प्रशिक्षण तिथे परिचारिकांना मिळाले. नंतर मुंबईतल्या इतर रुग्णालयांनीही हा नमुना उचलला. तुमच्या शहराच्या रुग्णालयानेही तो उचलायला हरकत नसावी.

हे मागायची साधने आपल्या हातात आहेत. सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात नागरिकांचे प्रतिनिधी कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. शहरी गरीब वस्त्यांत पन्नास ते शंभर घरांमागे महिला आरोग्य समिती असावी अशी योजना आहे. तुमच्या गल्लीत ती कागदावर आहे की खरोखर, ते आशाताईंना विचारा. माहितीच्या अधिकारात चार प्रश्न टाका: गेल्या वर्षी किती स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी झाली, किती संशयित निघाल्या, त्यांपैकी किती जणींवर उपचार पूर्ण झाले आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची किती पदे रिकामी आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर तेच तुमचे उत्तर समजा.

आणि घरातले काम. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी आहे आणि तिच्यात कर्करोगाचे उपचार येतात. अम्मीचे नाव रेशन कार्डावर एक आणि आधारवर दुसरे असेल, तर ते आजच दुरुस्त करून घ्या. ऐन आजारपणात त्या एका अक्षरासाठी खेटे घालावे लागतात. मग तिला एवढेच विचारा, ‘अम्मी, तुझी तपासणी शेवटची कधी झाली?’ बहुतेक घरांत उत्तर येईल, ‘तू झालास तेव्हा.’ या उत्तरातली वर्षे मोजा आणि ती घेऊन रुग्णालयाच्या दारात जा. महिला विभाग किती वाढवायचा, हे ठरवायला त्याहून चांगले मोजमाप नाही.