नकाशातील नावे

अलीकडे विद्यार्थी संगणकावर नकाशे काढू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. उपग्रहाने घेतलेले छायाचित्र खाली पसरावे, त्यावर सीमा आखाव्या व गावांची नावे लिहावी, अशी ही रीत. परंतु आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे छायाचित्र एकरंगी नसते. पावसाळ्यानंतर टिपेश्वराचे रान गर्द हिरवे, तर उघडे माळ फिकट पिवळसर दिसतात. काळी अक्षरे माळावर उठून दिसतात व रानात बुडतात. पांढरी केल्यास उलट प्रकार घडतो.

यावर कित्येक जण अक्षरे मोठी करतात. त्याने शेजारची नावे मात्र एकमेकांवर चढतात. आमच्या मते प्रथम छायाचित्रच फिके करावे. मग काळ्या अक्षरांभोवती पांढरी बारीक कड द्यावी. क्यूजीआयएसमध्ये तिला बफर म्हणतात. तेवढ्याने न भागल्यास ऑटोकॅडमध्ये मजकुरामागे एकरंगी पट्टी घालता येते. फक्त तिच्याखाली पैनगंगेचे वळण किंवा एखादा रस्ता झाकला जाऊ नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? वणी, पुसद ही नावे सर्वांस ठाऊकच आहेत. खरे आहे, पण रानालगतच्या कोलामांच्या पोडाचे नाव ठाऊक नसते, आणि गर्द रंगात बुडते तेही नेमके तेच. नाव वाचता न आल्यास ते पोड नकाशात असून नसल्यासारखे होते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलाच्या नकाशातील रंगांची वाहवा करण्यापूर्वी त्यातील सर्वांत लहान गावाचे नाव वाचून पाहावे.